पेट्रोलची गाळणी: जुन्या गाडीला फ्युएल फिल्टर निवडताना आणि बसवताना

बाबांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट माझ्याकडे आली तेव्हा मला तिचं बॉनेट कुठून उघडतं तेही धड ठाऊक नव्हतं. ठाण्यात नौपाड्यातून तीन हात नाक्यापर्यंत गाडी छान जायची. घोडबंदर रोडला सपाटीवरही तिची तक्रार नसायची. गायमुखचा चढ लागला की मात्र आचके द्यायला लागायची. मेकॅनिक म्हणायचा, "मॅडम, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय." तो कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, साफ करायचा, मी पैसे द्यायचे, आणि पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गायमुखला. मागे ट्रेलरचा हॉर्न, पुढे चढ, आणि मी चोक ओढून सेल्फ मारतेय.

तिसऱ्या खेपेला मी स्वतःच एक फिल्टर आणून बसवला. दुकानदाराने "सगळ्यात भारी" म्हणून दिला होता. गाडी त्या दिवशी गायमुखपर्यंत पोचलीच नाही, कापूरबावडीलाच बंद पडली. तो फिल्टर इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाडीचा होता, शिवाय मी तो उलटा बसवला होता.

त्यानंतर दोन वर्षांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. हे पेट्रोलच्या, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांसाठी आहे: फियाट-पद्मिनी, ॲम्बेसेडर, पेट्रोल जीप. बुलेट, जावा, लॅम्ब्रेटा यांचं थोडं वेगळं असतं, ते मध्ये सांगेन. डिझेलचं प्रकरण पूर्ण निराळं आहे, त्यासाठी हे वाचू नका.

१. आधी गाडीत काय आहे ते शोधा

"माझ्या गाडीत फिल्टरच नाही" असं आपण म्हणतो, पण बहुतेक जुन्या गाड्यांत गाळायची सोय दोन-तीन ठिकाणी असते. टाकीत पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असू शकते. मेकॅनिकल फ्युएल पंपात झाकणाखाली किंवा काचेच्या वाटीवर एक बारीक जाळी असते. कार्ब्युरेटरला जिथे नळी जोडतात तिथल्या पोकळ बोल्टच्या मागे अंगठ्याच्या नखाएवढी जाळी असते.

या मेकॅनिकल पंपाला आपल्याकडचे मेकॅनिक 'एसी पंप' म्हणतात. त्याचा एअर कंडिशनरशी काही संबंध नाही. मला पहिल्यांदा "एसी पंपाचं किट बदलावं लागेल" असं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, या गाडीला एसी कुठून आला?

या जाळ्या आधी काढून बघा. माझ्या पंपातली जाळी फाटली होती आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाची जाळी कुणीतरी काढून फेकून दिली होती. इंजिनाला पेट्रोल मिळत नाही म्हटल्यावर जाळीच काढून टाकणं हा जुना रस्त्यावरचा इलाज आहे. गाडी घरी पोचते, पण त्यानंतर सगळा गाळ थेट कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हवर (पेट्रोल आत सोडणारी आणि अडवणारी सुई) आणि जेटमध्ये (पेट्रोल जायची बारीक भोकं) जातो.

याच वेळी इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल तर पंपाचा पडदा फाटला असण्याची दाट शक्यता आहे. पेट्रोल तिथून थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीला कितीही चांगला फिल्टर लावा, आधी पंपाचं किट आणि ऑइल बदलावं लागेल.

२. टाकी

खरा कचरा टाकीत असतो. ठाण्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते, आपली गाडी स्टिल्टखाली उभी असते आणि टाकी अर्धी रिकामी. रिकाम्या भागातल्या हवेतली वाफ पत्र्याच्या आतल्या अंगाला धरते, पाणी तळाशी जातं, तळ गंजतो.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉलचं ई२० पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ पासून यायला लागलं, आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि इंजिनाला पेट्रोल जातं ते नेमकं तळाजवळूनच. शिवाय वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतीला चिकटलेला जुना चिकट थर इथेनॉलने सुटतो आणि पेट्रोलबरोबर पुढे येतो. म्हणून बरीच वर्षं बंद असलेली गाडी चालू केली की पहिले दोन-तीन फिल्टर झटपट भरतात. त्याचा धसका घेऊ नका, पण तसं होणार हे धरून चाला.

टाकीच्या तळाला ड्रेन बोल्ट असेल तर तो उघडून स्टीलच्या भांड्यात थोडं पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं स्थिर राहू द्या. खाली लाल-तपकिरी गाळ किंवा पाण्याचे गोळे दिसले तर टाकी उतरवून धुवावी लागेल. टाकीला भोक असेल तर ओळखीच्या वेल्डरकडे पटकन डाग देऊन आणायचा मोह होतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ भरलेली असते. हे काम टाकी वाफेने धुऊन घेणाऱ्या माणसाकडेच द्या.

३. माप घ्या

इटालियन वंशाच्या गाड्यांत नळी बहुधा मिलिमीटरमध्ये असते, ब्रिटिश आणि अमेरिकन वंशाच्या गाड्यांत इंचात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, पाच-सोळांश इंच म्हणजे साधारण ७.९ मिमी. दुकानात फिल्टर मिळतात ते ६ किंवा ८ मिमीचे. पाव इंची नळीवर ६ मिमीची रबरी नळी जोर लावून बसते आणि ते चालतं. पण ६ मिमीच्या टोकावर ८ मिमीची रबरी नळी घालून क्लिप करकचून आवळणं चालत नाही. रबराला सुरकुती पडते आणि सुरकुतीतून गळतं.

व्हर्नियर कॅलिपर घ्या. नसेल तर धातूच्या नळीभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. पंपाची आत जाणारी आणि बाहेर येणारी बाजू, दोन्हींची मापं वेगळी असू शकतात, म्हणून दोन्ही लिहून घ्या.

४. फिल्टर निवडा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, त्यामुळे जरा सविस्तर.

दाब समजून घ्या. मेकॅनिकल पंप साधारण ३ ते ५ पीएसआय दाब देतो, म्हणजे ०.२ ते ०.३ बारच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत हाच दाब ३ बारच्या घरात असतो. इंजेक्शनचा फिल्टर त्या दाबासाठी आणि इंजेक्टरच्या बारीक भोकांसाठी केलेला असतो. आपला बिचारा पंप त्यातून पेट्रोल ओढताना दमतो. सपाटीवर आणि आयडलिंगला काही कळत नाही, कारण तिथे पेट्रोल कमी लागतं. चढावर पाय दाबला की मागणी वाढते, पुरवठा पुरत नाही, फ्लोटची वाटी, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, रिकामी होते, आणि गाडी आचके देते. "भारी" फिल्टरने माझी गाडी आधीपेक्षा लवकर बंद पडली ती याच कारणाने.

दुकानात "कार्ब्युरेटरच्या गाडीचा" असं स्पष्ट सांगून मागा. कागदाच्या घड्यांचा, १० ते ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यानचा फिल्टर आपल्या कामाचा.

पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर स्वस्त असतो आणि आत काय चाललंय ते दिसतं. नव्याने शिकणाऱ्याला मी तोच सुचवेन. पण तो गरम मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांजवळ, लावू नका, आणि पिवळट पडला किंवा बारीक तडे दिसले की टाकून द्या. गाळून आलेलं पेट्रोल फिल्टरमध्ये अर्ध्यापर्यंतच दिसतं, वरचा भाग रिकामा, हे बघून नवे लोक घाबरतात. चालू गाडीत असं दिसणं नेहमीचं आहे. गाडीला पेट्रोल पुरतंय तोवर फिल्टर काठोकाठ भरलेला असायची गरज नाही.

धातूच्या डब्याचा फिल्टर आत दिसत नाही, पण उष्णता आणि धक्के सहन करतो. लांबच्या प्रवासाच्या गाडीला मी तोच लावते.

काचेची नळी आणि दोन्ही टोकांना चकचकीत क्रोम, हा फिल्टर दिसायला देखणा असतो आणि रॅलीत फोटो चांगले येतात. माझ्या मते तो टाळावा. धक्क्यांनी त्याच्या टोकाचे आटे सैल होतात आणि काच व रबरी रिंगमधून पेट्रोल झिरपतं. लावायचाच असेल तर दर आठवड्याला हात लावून तपासा. तेवढा उत्साह कुणाचाच टिकत नाही, माझा तर मुळीच नाही.

बुलेट, जावा, लॅम्ब्रेटावाल्यांसाठी: तुमच्याकडे पंप नाही, पेट्रोल वरच्या टाकीतून खाली उतरतं. टाकी कार्ब्युरेटरच्या फूटभर वर असेल तर दाब जेमतेम ०.३ पीएसआय, म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या साधारण दहावा हिस्सा. दाट कागदी फिल्टर इथे पेट्रोल अडवतो, आणि आत अडकलेला हवेचा बुडबुडासुद्धा वाट बंद करू शकतो. साधा जाळीचा, आखूड फिल्टर घ्या आणि तो उतरता बसवा, आडवा नको.

खरेदी कुठे? कार्ब्युरेटर-फिल्टर ठाण्यात स्पेअर पार्टच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळेल. पंपाचं किट, युनियन नट, मूळ नळ्या असल्या गोष्टींसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसचा ऑटो पार्ट्सचा बाजार किंवा कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार गाठावा लागतो. पद्मिनीच्या टॅक्सी धावत होत्या तोवर हे भाग कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, आणि आता दुकानदार तेच भाग कपाटातून जपून काढतात.

५. नळी आणि क्लिप: खरी आग इथे लागते

फिल्टर चुकला तर गाडी बंद पडते. नळी चुकली तर गाडी जळते.

स्कूटरवाल्यांकडे मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी कधीच वापरू नका. पेट्रोलमध्ये ती काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते, आकसते, आणि एक दिवस टोकावरून आपोआप निसटते. "तात्पुरती लावू" म्हणून लावलेली ही नळी मी तीन वर्षं जुनी झालेली पाहिली आहे.

रबरी नळीवर छापलेलं वाचा. एसएई जे३० आर७ असं (ही नळीच्या दर्जाची खूण) लिहिलेली नळी कार्ब्युरेटरच्या गाड्यांना पूर्वी सर्रास चालायची. ई२० च्या काळात मी आर९ घेते. तिच्या आतलं अस्तर इथेनॉलला जास्त दाद देत नाही. महाग असते, पण लागते किती? एक-दीड फूट. ज्या नळीवर काहीच छापलेलं नाही ती घेऊ नका, दुकानदार "ओरिजिनल आहे, ओरिजिनल" म्हणाला तरी.

क्लिपचंही तसंच. पट्टीला खाचा असलेली, स्क्रूने आवळायची नेहमीची क्लिप ६ मिमीच्या नळीला नीट गोल बसत नाही. ती लंबगोल होते, खाचांच्या कडा रबर कापतात. छोट्या नळीसाठी गुळगुळीत पट्टीची, कडा वळवलेली फ्युएल क्लिप मिळते, तीच मागा. आवळताना रबर क्लिपच्या दोन्ही बाजूंना किंचित फुगलं की थांबा.

आणि कृपा करून जोडावर टेफ्लॉन टेप, एम-सील किंवा कसलंही लुकण लावू नका. नळाच्या कामाची सवय असलेले हात आपोआप टेपकडे जातात. टेपचा एक धागा सुटला की तो नीडल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो, आणि फ्लोटची वाटी ओसंडते.

६. जागा

दोन पर्याय आहेत: टाकी आणि पंपाच्या मध्ये, किंवा पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये.

पंपाच्या आधी लावला तर पंपाचे व्हॉल्व्हही वाचतात. पण ही ओढण्याची बाजू आहे. जोड जरा सैल असला तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेर थेंबही दिसत नाही आणि गाडी मात्र सकाळी सेल्फवर सेल्फ खाते. दुसरं म्हणजे फिल्टर गाळाने भरत गेला की या बाजूला दाब आणखी घटतो, आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. एप्रिल-मेमध्ये कापूरबावडी ते माजिवडा गर्दीत अर्धा तास अडकलात की नळीत वाफ धरते. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचे. तो इलाज अजूनही चालतो. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली तर दोष उष्णतेचा, आणि अर्धा तुंबलेला फिल्टर त्या उष्णतेला मदत करत असतो.

पंपानंतर लावला तर कार्ब्युरेटर नेमका वाचतो आणि हवेचा त्रास होत नाही. पण इथे गळती म्हणजे दाबाने बाहेर येणारं पेट्रोल, तेही गरम इंजिनजवळ. फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर कधीही येता कामा नये. नळीच्या आधाराने हवेत लोंबकळत ठेवू नका, बॉडीला क्लिपने बांधा. धातूला घासत असेल तर मध्ये रबर द्या.

माझ्या गाडीत आता पंपाआधी साधा जाळीचा आणि पंपानंतर कागदी, असे दोन आहेत. टाकी धुतलेली असेल तर एक पुरतो, आणि तो मी पंपानंतर लावेन. फिल्टर उभा किंवा तिरपा, पेट्रोल खालून आत येऊन वर बाहेर पडेल असा बसवा. हवा आपोआप वर निघून जाते.

मूळ धातूची नळी कापू नका. लोक हॅकसॉने कापतात, धातूचा चुरा नळीत पडतो आणि तोच पहिला कचरा ठरतो. पंप ते कार्ब्युरेटरमधली आखूड धातूची नळी अख्खी काढून, नाव लिहून ठेवून द्या, आणि तिच्या जागी दोन टोकांचे जोड, रबरी नळी आणि फिल्टर लावा. उद्या गाडी मूळ रूपात हवी झाली तर नळी परत लावता येते. कापणं टळतच नसेल तर चाकाचा पाइप कटर वापरा, आतली कड घासून घ्या, आणि टोकाला फुगीर कड काढून घ्या. गुळगुळीत टोकावरून रबर निसटतं.

कागदपत्रांचा प्रश्नही इथेच येतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकी-चारचाकीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,००० रुपये, आणि क्रमांकात 'व्हीए' अक्षरं. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. रबरी नळी आणि फिल्टर हा मोठा बदल नव्हे, पण काढलेला मूळ भाग जवळ असलेला बरा. एक मात्र लक्षात घ्या: व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारी मामलेदारची मिसळ खायला जाणाऱ्यांनी हा विचार दोनदा करावा. मी जुनीच एमएच ०४ च्या आधीची नोंदणी नूतनीकरण करून ठेवली आहे. व्हिंटेजच्या अर्जाला लागतं ते जुनं आरसी, चालू विमा आणि ठरलेला नमुना क्रमांक २०.

७. साहित्य

फिल्टर एक आणि जास्तीचा एक, आर९ नळी दोन फूट, फ्युएल क्लिपा सहा, कार्ब्युरेटरच्या बोल्टचे नवीन फायबर किंवा तांब्याचे वायसर, जुने परत वापरू नका, फिक्स पाने, युनियन नटला शक्यतो फ्लेअर पाना, धारदार कटर, स्टीलचं भांडं, नळीत बसेल असा छोटा बोल्ट, सुती फडकी, आणि ड्राय पावडरचं अग्निशामक नळकांडं, हाताशी, डिकीत नव्हे. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीला चालत नाही.

८. बसवणं

जागा उघडी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि उणे चाळीस अंशांतही पेट घेऊ शकते. बेसमेंट पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साचते. मी सोसायटीच्या मागच्या उघड्या भागात काम करते, आणि आधी वॉचमन काकांना सांगते की तासभर इथे बिडी नको. सेक्रेटरींना सांगितलं नाही तर ते खाली येतातच, म्हणून त्यांनाही.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे सकाळी पहिलं काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टाकीचं झाकण एकदा उघडून बंद करा, आतला दाब निघून जातो. गाडी नाकाकडून किंचित उंच उभी केली तर मागच्या टाकीतलं पेट्रोल कमी वाहतं.

जुनी रबरी नळी ओढून काढू नका, विशेषतः प्लॅस्टिकच्या टोकावरून. टोक मोडून आत राहतं. कटरने नळी लांबीत चिरा आणि सोलून काढा, धातूच्या टोकावर ओरखडा न काढता. उघड्या तोंडात बोल्ट घाला. खाली भांडं ठेवलेलं असू द्या, सांडतंच.

आता फिल्टरवरचा बाण बघा. बाण नेहमी कार्ब्युरेटरकडे. काही फिल्टरवर बाण नसतो, 'इन' आणि 'आउट' असतं. दोन्ही नसेल तर तो फिल्टर परत करा. माझ्यासारखं "दोन्हीकडे सारखंच दिसतंय" म्हणू नका. पेट्रोल कागदाच्या बाहेरून आत जायला हवं. उलटा लावला तर गाळ आतल्या लहान जागेत साचतो आणि लवकर तुंबतो.

नळी सरळ, चौकोनी कापा. तिरपा काप गळतो. आत फुंकर मारून रबराचा भुगा काढा. चढवायला जड जात असेल तर टोक दोन मिनिटं कोमट पाण्यात धरा आणि पुसून कोरडं करा. ग्रीस नको. नळी टोकाच्या फुगीर कडेच्या पुढे किमान बोटाच्या एका पेराएवढी जायला हवी, आणि क्लिप त्या कडेच्या मागे, कडेवर नाही. क्लिपा नळीवर आधी ओवून ठेवा. मी दरवेळी विसरते.

नळीला पीळ किंवा तीव्र वळण पडू देऊ नका. इंजिन रबराच्या पायांवर हलतं, म्हणून थोडा ढिलेपणा ठेवा, फार नाही.

९. चालू करण्याआधी आणि नंतर

पंपाच्या बाजूला हाताने हलवायचा छोटा दांडा असेल तर तो वीस-तीस वेळा हलवा. फिल्टरमध्ये पेट्रोल येताना दिसेल आणि दांडा हलका लागायला लागेल. दांडा नसेल तर बॅटरी जोडून सेल्फ दहा-दहा सेकंदच मारा, मध्ये विश्रांती देत. सलग मिनिटभर सेल्फ मारून बॅटरी आणि स्टार्टर दोघांना मारू नका.

पुरवठा तपासायचा असेल तर कॉइलची पातळ वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्ब्युरेटरकडची नळी भांड्यात सोडा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठसक्याठसक्याने, जोरात यायला हवं. बुडबुडे येत असतील तर ओढण्याच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. धार मरगळलेली असेल तर फिल्टर काढून हेच पुन्हा करा. फरक पडला तर दोष फिल्टरचा, नाही पडला तर पंप किंवा टाकीतली जाळी.

इंजिन चालू करून पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच दिसते. नाकावर विसंबू नका, दहा मिनिटांत त्याला वासाची सवय होते.

मग चढ. उपवनकडून येऊरचा रस्ता मला बरा वाटतो, गर्दी कमी आणि चढ भरपूर. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून न्या. गाडी न कुरकुरता चढली तर पुरवठा पुरतोय. परत आल्यावर गरम इंजिनाला हात न लावता जोड पुन्हा बघा, आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर क्लिपा अर्धा आटा आवळा. नवं रबर बसतं.

सांडलेलं आणि भांड्यातलं गढूळ पेट्रोल गटारात ओतू नका. झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा आणि गॅरेजवाल्याला द्या, त्याला सुटे भाग धुवायला लागतंच.

१०. काढलेला फिल्टर फेकू नका

पहिला फिल्टर २००-३०० किलोमीटरनंतर काढा, दिसायला स्वच्छ असला तरी. पुढे ५,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. पावसाळ्याआधी बदलला तर आणखी चांगलं.

माझ्या दुसऱ्या फिल्टरनंतर राबोडीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी तो हॅकसॉने उभा कापला, कागद वर्तमानपत्रावर पसरला आणि वाळू दिला. मला वाटलं होतं, फिल्टर बदलला की विषय संपला. चाचा म्हणाले, "हा फिल्टर काय बोलतो ते तर ऐक." कागदावर लालसर भुकटी होती आणि तिच्यात काळे कण. लाल म्हणजे टाकीचा गंज. काळे कण चिमटीत घासले तर काजळीसारखे पसरले, म्हणजे कुठलीतरी जुनी रबरी नळी आतून विरघळत होती. ती डिकीजवळ, टाकीच्या तोंडाशी निघाली, जिकडे मी पाहिलंच नव्हतं. माझ्या मेकॅनिकनेही नाही.

चुंबक फिरवून बघा, गंजाचे पुष्कळ कण चिकटतात. पांढरट, बुळबुळीत गाळ दिसला तर पाणी, आणि बहुधा त्याने खाल्लेलं ॲल्युमिनियम किंवा जस्त, म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी उघडून बघायची वेळ झाली. पापुद्रे निघत असतील तर कुणीतरी पूर्वी टाकीला आतून लेप दिला होता आणि तो आता इथेनॉलने सुटतो आहे. हा सगळ्यात त्रासाचा प्रकार, कारण तो लेप पूर्ण काढल्याशिवाय थांबत नाही. प्रत्येक फिल्टरवर मी मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवते. एका बुटाच्या खोक्यात असे सात आहेत, पहिला विटकरी रंगाचा, सातवा जवळजवळ पांढरा.

डिकीत कायम असू द्या: एक फिल्टर, चार क्लिपा, फूटभर नळी, कटर, स्क्रूड्रायव्हर आणि एक जुनं फडकं. मागच्या एप्रिलमध्ये गायमुखला पुन्हा थांबावं लागलं. फडकं ओलं करून पंपावर टाकलं, दहा मिनिटं थांबले, गाडी सुरू झाली. फिल्टर तसाच राहिला.